भाकरी सुटली, चहा राहिला

सोलापुरात राहून कमी कर्बोदकांचं जेवण जमायचं नाही, असं मला पहिल्यांदा सांगणारे सगळे चहा पीत बसले होते. जेवणाचं म्हणाल तर आपल्याकडे फारसं अडत नाही. शेंगाची चटणी, अंडी, वांग्याचं भरीत, मेथी, शेपू, दोडका, दही आणि रविवारी मटण. भाकरी बाजूला केली तरी ताट भरलेलं दिसतं. माझं घोडं अडलं ते पेल्याशी.

चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचं माझं काम. गिऱ्हाईक आलं की चहा, माल आला की चहा, उधारी वसूल झाली की चहा आणि नाही झाली तरी चहा. नको म्हटलं तर लगेच, "अर्धा तरी घ्या की वो!" दीड चमचा साखर आणि थोडं दूध घातलेल्या कपात आठ-दहा ग्रॅम कर्बोदकं सहज जातात. मध्यम भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ लागतं, त्यात ती ३५ ते ४० ग्रॅम असतात. म्हणजे दुपारी निग्रहाने नाकारलेली भाकरी मी संध्याकाळपर्यंत कपाकपाने पिऊन मोकळा होत होतो. उसाच्या रसाचा एक मोठा ग्लास तर एका दमात तेवढं काम करतो. म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याला मी आधी ताटाचं विचारत नाही, दिवसभरात काय काय पितोस ते विचारतो. कोरा चहा, लिंबू पिळलेलं मिठाचं पाणी आणि पातळ ताक यांवर दुकानातला दिवस निघतो. शहाळं मात्र पाणी समजून पिऊ नये, त्यातही साखर असते.

ज्वारीबद्दल आपल्याला फार अभिमान आहे, आणि असावाच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण "ज्वारीच आहे, खाल्ली तर काय होतंय" हे वाक्य मधुमेह्याच्या तोंडी शोभत नाही. कर्बोदकांच्या बाबतीत ज्वारी आणि गहू यांत फार अंतर नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतही हेच दिसलं. भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा आहे, आणि तांदूळ-मैद्याच्या जागी गहू किंवा भरडधान्य आणून भागत नाही, एकूण प्रमाण उतरवावं लागतं. कडक भाकरी पातळ दिसते म्हणून रश्श्यात तीन-चार चुरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. वाळून उडतं ते पाणी, पीठ तेवढंच राहतं.

आता जपायची गोष्ट. मी सुरुवात केली चैत्रात, पारा चाळिशीपार गेलेला असताना. पहिल्याच आठवड्यात वजन भराभर उतरलं, घरात कौतुक झालं, आणि एका दुपारी नवी पेठेत स्कूटर लावताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पानाच्या टपरीवाल्याने धरलं म्हणून बरं. उतरलं होतं ते बरंचसं पाणीच होतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी धरलेलं असतं. साठा संपला की ते जातं. इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडं मीठही जास्त सोडतात. वर सोलापूरचं ऊन आणि घाम. त्यात मी रक्तदाबाची गोळी घेत होतो, तीही लघवी वाढवणारी. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, ताकात मीठ किती घालायचं तेही सांगितलं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याने मिठाचं माप माझ्याकडून घेऊ नये, आपल्या डॉक्टरांकडून घ्यावं. शक्य असेल तर सुरुवात मार्गशीर्षात करावी.

साखरेच्या गोळ्यांचं प्रकरण याहून नाजूक आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली दोन वेळा जेवायची पद्धत आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण आटपायचं, मधे खायचं नाही. कर्बोदकं तोडणं ही वेगळी गोष्ट. पण उत्साही माणूस दोन्ही एकदम धरतो, आणि ग्लिमेपिराइडची गोळी मात्र पूर्वीच्याच मापाने घेत राहतो. खाल्लेलं असो वा नसो, ती गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. हात थरथरणं, दरदरून घाम, कावरंबावरं होणं ही साखर उतरल्याची लक्षणं. तेव्हा पथ्य गुंडाळून ठेवून साखर तोंडात टाकायची. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांना दुसराच धोका असतो: मोजलेली साखर ठीक दिसते आणि रक्तात आम्ल वाढलेलं असतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर घरी ताक पीत बसू नये, दवाखाना गाठावा. इन्सुलिन टोचणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय एक घासही कमी करू नये.

बाकी फसगत बारीकसारीक. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या असतात, हॉटेलच्या पनीरच्या रश्श्यात साखर असते, पिठल्यातल्या बेसनात निम्म्याहून जास्त कर्बोदकं. पिठलं सोडा असं नाही. पिठलं घेतलं त्या दिवशी भाकरी अर्धीच घ्या. शेंगदाण्यात कर्बोदकं कमी, पण निम्म्याला थोडं कमी तेलच. सोलापुरी चटणी तेल सुटेपर्यंत कुटलेली असते, तिने वाटी भरली की वजन हलायचं थांबतं. मला हे वजनकाट्याने शिकवलं, माझा विश्वास बसायला वेळ लागला. घरात ग्लुकोमीटर असेल तर जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून बघावं. कुणाला अर्धी भाकरी चालते, कुणाला पाऊणही, ते असंच कळतं.

गड्ड्याच्या जत्रेत आणि संक्रांतीच्या शेंगापोळीला मी नाही म्हणत नाही. एक पोळी, तूप घालून, त्या जेवणात दुसरं पीठ नाही. हुरड्यालाही जातो. आधी भरीत, दही आणि चटणी पोटभर, मग हुरडा मूठभर, गुळाचा खडा नाही. त्या रात्री भाकरी नाही. आणि शेतावर चहा आला तर कोरा.