बिनपगारी रजा व अर्जाचे महत्त्व

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांत बिनपगारी रजेस ‘असाधारण रजा’ अशी संज्ञा आहे. अन्य रजा देय नसल्यास, अथवा देय असूनही कर्मचाऱ्याने तशी लेखी मागणी केल्यास, ती मंजूर होऊ शकते. यास्तव आजारी शिक्षकाने प्रथम आपली अर्धवेतनी रजा किती शिल्लक आहे ते पाहावे. ती सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास २० दिवस जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिचे परिवर्तन केल्यास पूर्ण वेतन मिळते; मात्र १५ दिवसांच्या रजेपोटी ३० दिवस खर्ची पडतात. अशी रजा शिल्लक असता वेतनावर पाणी सोडू नये.

अर्जाविना घरी राहणे ही रजा नव्हे, अनधिकृत गैरहजेरी होय. दुखणे आकस्मिक असले तरी अर्ज त्वरित पाठवावा. एका अर्जाच्या अभावी अनेक वर्षांच्या सेवेस बाध येऊ नये.