पोस्टमनमध्ये चालते, ब्राउझरमध्ये अडते

प्रश्न : माझी एपीआय रिक्वेस्ट पोस्टमनमध्ये २०० देते, पण तीच वेबपेजवरून पाठवली की ब्राउझर ‘कॉर्स’ची एरर दाखवतो. चूक कुठे शोधू?

उत्तर : तुमची रिक्वेस्ट बहुधा बरोबर आहे, अडली आहे ती परवानगी. एका ओरिजिनच्या पानाला दुसऱ्या ओरिजिनचा प्रतिसाद सर्व्हरच्या संमतीशिवाय वाचू द्यायचा नाही, हा ब्राउझरचा नियम. पोस्टमन किंवा कर्ल तो लावत नाहीत. ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट मिळून. म्हणून एकाच संगणकावरचे ३००० आणि ८०८० हे पोर्टही वेगळे ओरिजिन ठरतात.

डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा. जेसन पाठवताना किंवा ऑथरायझेशन हेडर जोडल्यास ब्राउझर आधी परवानगी विचारणारी ‘ऑप्शन्स’ रिक्वेस्ट पाठवतो. तिच्यासोबत टोकन जात नाही. सर्व्हर तिथेही टोकन मागत असेल, तर ४०१ येतो आणि खरी रिक्वेस्ट निघतच नाही. पोस्टमनमध्ये ऑप्शन्स मेथड निवडा, ‘ओरिजिन’ आणि ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-रिक्वेस्ट-मेथड’ ही हेडर्स हाताने भरा आणि उत्तरात ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ येते का ते तपासा.

दुरुस्ती सर्व्हरवरच करायची. ऑप्शन्सला टोकनची अट नको आणि ‘अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हेडरमध्ये पानाचा नेमका ओरिजिन नोंदवा. कुकी पाठवत असाल तर तिथे तारांकन चालत नाही. सर्व्हरवर ५०० आला आणि त्या उत्तरात हे हेडर नसले, तरी ब्राउझर कॉर्सचीच तक्रार करतो. म्हणून सर्व्हरचा लॉगही वाचा. ब्राउझरची सुरक्षा बंद करणारी एक्स्टेन्शन्स मात्र टाळा. त्यांनी तुमचे काम भागेल, वापरकर्त्यांचे नाही.