दाब मोजणारा वर्ख : विकृतिमापी दाबसंवेदकाची रचना व निर्मिती

साखर कारखान्याचा बॉयलर असो, हायड्रॉलिक प्रेस असो, की शहराला पाणी पुरविणारी मुख्य जलवाहिनी असो. तेथील यंत्रचालकाला आतील दाब क्षणोक्षणी ठाऊक असावा लागतो. दीर्घकाळ हे काम वक्र नळीच्या, म्हणजे बूर्दाँ पद्धतीच्या, काट्याच्या दाबमापकाने केले व आजही तो उपयुक्त आहे. परंतु त्याचे वाचन त्याच्यासमोर उभे राहूनच करावे लागते. दाबाचा आकडा दूरच्या नियंत्रण कक्षात हवा असेल, त्याची नोंद आपोआप व्हावी असे वाटत असेल, किंवा मर्यादा ओलांडताच पंप बंद पडावयास हवा असेल, तर दाबाचे रूपांतर विद्युत संकेतात करणे भाग पडते. हे काम करणाऱ्या साधनास दाबसंवेदक म्हणतात. त्याच्या अनेक प्रकारांपैकी धातूच्या वर्खाचा विकृतिमापी वापरणाऱ्या प्रकाराची रचना व निर्मिती यांचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

तत्त्व आणि त्याचा इतिहास

धातूची तार ताणली असता ती लांब व बारीक होते आणि तिचा विद्युत रोध वाढतो. दाबली असता रोध कमी होतो. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धीस आलेले विल्यम टॉमसन यांनी १८५६ मध्ये लोखंड व तांबे यांच्या तारांवर प्रयोग करून हा गुणधर्म दाखवून दिला. त्याचा व्यावहारिक उपयोग होण्यास मात्र ऐंशीहून अधिक वर्षे लागली. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, बारीक तार वस्तूच्या पृष्ठभागावर चिकटवून विकृती मोजण्याची रीत शोधली. भूकंपाचा पाण्याच्या टाक्यांवर काय परिणाम होतो, याचा रूज त्या वेळी अभ्यास करीत होते. १९५२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये तारेऐवजी वर्ख वापरण्यास प्रारंभ झाला. नागमोडी आकारात कोरलेला काही मायक्रोमीटर जाडीचा हा वर्ख पातळ प्लॅस्टिकच्या पटलीवर बसविलेला असतो. तो बहुधा कॉन्स्टंटन या तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचा असतो, कारण तापमान बदलले तरी या मिश्रधातूचा रोध फारसा बदलत नाही.

लांबीत झालेला बदल भागिले मूळ लांबी, म्हणजे विकृती. एक मीटर लांबीत एक मायक्रोमीटर बदल झाला, तर त्यास एक सूक्ष्मविकृती म्हणतात. रोधातील सापेक्ष बदल विकृतीच्या किती पट होतो, हे दर्शविणाऱ्या संख्येस गेज गुणक म्हणतात. कॉन्स्टंटनसाठी तो सुमारे २ असतो. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात तो शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक असू शकतो. परंतु सिलिकॉनवर तापमानाचाही प्रभाव बराच मोठा असतो.

पटलाचा आराखडा

दाब थेट वर्खावर पडत नाही. तो कडेने घट्ट धरलेल्या एका गोल, पातळ पोलादी पटलावर पडतो. पटल किंचित फुगते आणि त्याच्या कोरड्या बाजूस चिकटविलेले विकृतिमापी ही हालचाल टिपतात. या कोरड्या पृष्ठभागावर केंद्राशी ताण असतो, तर कडेशी त्रिज्येच्या दिशेने दाब. कडेची विकृती केंद्राच्या विकृतीच्या दुप्पट व उलट चिन्हाची असते. म्हणून दोन विकृतिमापी केंद्राजवळ व दोन कडेजवळ बसवून त्या चौघांचा व्हीटस्टन सेतू जोडतात. दोघांचा रोध वाढतो, दोघांचा घटतो, आणि चौघांचे परिणाम संकेतात एकत्र येतात.

एक उदाहरण घेऊ. १० बार, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १ न्यूटन, एवढा दाब मोजावयाचा आहे. पटलाची त्रिज्या १० मिलिमीटर व जाडी ०.७ मिलिमीटर धरू. पोलादाचा यंग गुणांक दर चौरस मिलिमीटरला २,००,००० न्यूटन व प्वासाँ गुणोत्तर ०.३ धरले, तर पूर्ण दाबास केंद्राची विकृती सुमारे ३४८ आणि कडेची सुमारे ६९६ सूक्ष्मविकृती येते. कडेशी प्रतिबल दर चौरस मिलिमीटरला सुमारे १५३ न्यूटन असते. उष्णोपचार केलेल्या चांगल्या पोलादाला ते सहज पेलते. केंद्र जेमतेम ०.०२५ मिलिमीटर उचलले जाते. हे स्थानांतर जाडीच्या मानाने अल्प राहिले, तरच दाब व संकेत यांचे प्रमाण सरळ रेषेत राहते.

आता संकेत पाहू. ३५० ओहमच्या केंद्रीय विकृतिमापीचा रोध पूर्ण दाबास अवघा पाव ओहम वाढतो. सेतूला १० व्होल्ट दिले, तर त्यातून सुमारे १० मिलिव्होल्ट मिळतात. विकृतिमापी एका बिंदूवर नसून काही क्षेत्र व्यापतो, त्यामुळे प्रत्यक्षात संकेत याहूनही कमी असतो. शेकडा पाव भाग अचूकता हवी असेल, तर मिलिव्होल्टचा चाळिसावा भागही महत्त्वाचा ठरतो. या संवेदकाच्या निर्मितीतील सारी शिस्त या एका आकड्यातून जन्मास येते.

विकृती जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हेही ध्यानात ठेवावयास हवे. ०.७ मिलिमीटर जाडीत शतांश मिलिमीटरची चूक झाली, तर संकेत शेकडा जवळजवळ तीनने बदलतो. यासाठी पटल वेगळे कापून वेल्डिंगने न बसविता, शक्यतो एकाच पोलादी गजातून देहासह कातून काढतात. कड पकडणारा जोड सैल असेल, तर दाब उतरल्यावर पटल पूर्वस्थितीस येत नाही.

निर्मितीचे टप्पे

पटलासाठी '१७–४ पीएच' या नावाने ओळखले जाणारे गंजरोधक पोलाद पुष्कळदा वापरतात. कातकाम झाल्यावर ते सुमारे ४८० अंश सेल्सिअसला तापवून कठीण करतात. त्यानंतरची कामे अशी :

१. पृष्ठभाग तेलमुक्त करून बारीक पॉलिश कागदाने घासणे व रसायनाने स्वच्छ करणे. स्वच्छ केलेल्या जागेस बोट लागले, तर हे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

२. मध्यरेषा आखून विकृतिमापी पारदर्शक चिकटपट्टीच्या साहाय्याने नेमक्या जागी ठेवणे.

३. इपॉक्सी वर्गातील चिकटद्रव्याचा अतिशय पातळ थर देऊन ठराविक दाबाखाली भट्टीत पक्व करणे. थर जाड राहिला किंवा अर्धवट पक्व झाला, तर सतत दाब असताना वर्ख हळूहळू सरकतो व वाचन ढळत जाते.

४. वर्ख व पोलाद यांमधील विद्युत निरोधन तपासणे. ते हजारो मेगओहम असावे. कमी भरल्यास चिकटथरात ओल किंवा पोकळी आहे असे समजावे.

५. तारा डाख देऊन जोडणे, ओलाव्यापासून संरक्षण करणारे लेपन देणे आणि आवरण बंद करणे.

उष्णतेचा अडसर

पोलाद ३० अंशांनी तापले, तर सुमारे ३३० सूक्ष्मविकृती एवढे प्रसरण पावते. आपल्या उदाहरणातील केंद्राची पूर्ण दाबाची विकृती जवळजवळ एवढीच आहे! म्हणजे योग्य उपाय न योजल्यास उन्हाची तिरीपही दाब म्हणून वाचली जाईल. यावर पहिला उपाय म्हणजे पोलादाच्या प्रसरणाशी जुळवून घेणारा विकृतिमापी निवडणे. दुसरा उपाय सेतूच्या रचनेतच आहे : चारही भुजा सारख्या तापल्या, तर त्यांचे परिणाम परस्परांस छेद देतात. उरलेली शून्यच्युती घालविण्यासाठी एका भुजेत तांब्याचा किंवा निकेलचा लहानसा रोध घालतात. तरीही केंद्र गरम व कड थंड असेल, तर सेतू फसतो. म्हणून वाफेच्या वाहिनीवर संवेदक थेट न बसविता मध्ये पाण्याने भरलेली वळणदार सायफन नळी घालतात.

अंशांकन : अंतिम कसोटी

तयार संवेदकाला प्रथम मर्यादेपेक्षा थोडा अधिक दाब काही वेळा देऊन उतरवितात, म्हणजे पटल व चिकटथर स्थिरावतात. नंतर कारखान्यात ज्यास कॅलिब्रेशन म्हणतात ते अंशांकन करतात. ज्ञात क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर ज्ञात वजने ठेवून दाब निर्माण करणारे डेडवेट टेस्टर हे यासाठी विश्वसनीय साधन होय. दाब टप्प्याटप्प्याने चढवीत व तसाच उतरवीत वाचने घ्यावीत. चढताना व उतरताना एकाच दाबास वाचने वेगळी आली, तर तो फरक लपवू नये, नोंदवावा.

येथे एक बारकावा आपल्या राज्यातील निर्मात्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. वजनांचे आकडे ९.८०६६५ या प्रमाण गुरुत्वत्वरणासाठी कोरलेले असतील, तर मुंबईत, जेथे हे त्वरण सुमारे ९.७८६ आहे, दाब शेकडा ०.२ ने कमी भरतो. समुद्रसपाटीपासून उंचावर असलेल्या पुण्यात तो आणखी किंचित कमी भरतो. शेकडा पाव भागाची हमी देणाऱ्या संवेदकाची जवळजवळ सारी मुभा एवढ्यातच संपते. दाबाची राष्ट्रीय मानके नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जतन केलेली आहेत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेमार्फत आपले टेस्टर त्या मानकांशी जोडून घेतल्याखेरीज अचूकतेचा दावा करणे योग्य नव्हे.

लघुउद्योजकांसाठी

या निर्मितीस प्रचंड यंत्रसामग्री लागत नाही. चांगले लेथ, तापमान स्थिर राखणारी भट्टी, धूळमुक्त खोली, सूक्ष्मदर्शक, डेडवेट टेस्टर आणि धीराने काम करणारे हात एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. तंत्रनिकेतनातून उपकरणशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांना हे क्षेत्र अनुकूल आहे. परंतु काटा मोडलेला दाबमापक निदान मोडलेला दिसतो. सदोष संवेदक मात्र पडद्यावर नीटनेटका आकडा दाखवीत राहतो आणि बॉयलरजवळ काम करणारा माणूस त्या आकड्यावर विसंबून राहतो. प्रत्येक संवेदकास स्वतंत्र क्रमांक व त्याची स्वतःची अंशांकन पत्रिका असावी, आणि जो कसोटीस उतरला नाही तो कारखान्याबाहेर जाऊ नये. हा नियम पाळण्याची तयारी असेल, त्यानेच या व्यवसायात पाऊल टाकावे.