स्किझोफ्रेनिया : मेंदूचे चित्र पाहून निदान होईल का?

कोणी नसताना आवाज ऐकू येणे, घरचेच जेवणात विष घालतात असा पक्का संशय येणे, माणसांपासून तुटत जाणे. ही लक्षणे दिसली की अजूनही काही घरांत ‘बाहेरचं’ समजून भगताकडे नेतात. पण हा आजार आहे, स्किझोफ्रेनिया. जगात हजारातील साधारण ३ जणांना तो असतो.

डॉक्टर तो ओळखतात रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलून. रक्त तपासून तो कळत नाही. एमआरआय काढतात तो मेंदूत गाठ वगैरे दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी.

मग संगणक मदत करील का? कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील ८१ रुग्ण आणि ९३ निरोगी व्यक्ती यांच्या मेंदूची चित्रे त्यांनी संगणकाला शिकवली. स्वस्थ पडून असताना मेंदूचे कोणते भाग एकमेकांच्या जोडीने काम करतात, हे या चित्रांत दिसते. या रुग्णांनी आजाराचे औषध कधीच घेतले नव्हते. नाहीतर संगणकाने आजार ओळखला की औषधाचा परिणाम, हे कळले नसते. संगणकाचे उत्तर १०० पैकी ८७ वेळा बरोबर आले.

आता आपण हिशोब करू. चूक दोन्हीकडे सारखी धरली आणि वाटेल त्या १००० जणांना तपासले, तर सुमारे १३० निरोगी माणसांवर आजाराचा शिक्का बसेल. खरे रुग्ण मात्र तिघेच. म्हणून हे यंत्र उद्या डॉक्टरांच्या हाताशी येईल, त्यांच्या जागी नाही.

पवईच्या आयआयटीत यंत्रशिक्षणाचे स्वतंत्र केंद्र आहे. आपली मुले तिथे पोहोचतील तेव्हा त्यांनी विचारावे : यंत्र कोणाची चित्रे पाहून शिकले? त्यात वस्तीतली माणसे होती का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की माणसाच्या आर्थिक-सामाजिक स्थितीवरून किंवा धर्मावरून मानसिक आजार ठरवता येत नाही. तोच नियम यंत्रालाही हवा. भगतावरचा आंधळा विश्वास सोडून यंत्रावर तसाच ठेवला, तर आपण काय मिळवले?

तोवर महागड्या स्कॅनसाठी कर्ज काढू नका. लक्षणे दिसताच मनोविकारतज्ज्ञांकडे चला. टेली-मानस १४४१६ या क्रमांकावर सल्ला मोफत मिळतो. औषध स्वतःहून बंद करू नका. उपचार लवकर सुरू झाले तर माणूस पुन्हा कामाला लागू शकतो.