फोरसाइट, टॉर्च आणि रात्री तीनचा चहा

सोने, काल फोनवर समीर शेजारीच बसला होता, म्हणून मी मोघम बोलले. आता तो ऑफिसला गेला असेल, तर नीट ऐक.

पिस्तूल घेतलंत ते घेतलंत. एच-वन-बीवर होतात तोवर हा विषयच नव्हता, त्या व्हिसावर सहसा ते जवळसुद्धा बाळगता येत नाही. आता ग्रीन कार्ड आलंय आणि ह्यूस्टनमध्ये दुकानांना तोटा नाही. मी प्रवचन देणार नाही, माझ्याच कपाटात नऊ वर्षं एक पडून आहे. पण तू जे सहा नाइट साइटचे, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या नेमखुणांचे, फोटो पाठवलेस ना, त्यातली पाच माझ्या पहिल्या चुकीची सख्खी भावंडं आहेत.

माझी चूक ऐक. मीही हौसेने तीन हिरव्या ठिपक्यांचा सेट घेतला होता. पुढे एक, मागे दोन, तिन्ही सारखेच चमकणारे. दुकानात ओंजळीत धरून पाहिला तेव्हा काजवे धरल्यासारखं वाटलं. मग रेंजवर दिवे मंद करून सराव होता तिथे गेले. टार्गेट सात यार्डांवर, म्हणजे जेमतेम एकवीस फूट. तीन ठिपके एका ओळीत आणले, घोडा दाबला, आणि गोळ्या फूट-दीड फूट डावीकडे! एन.सी.सी.त पॉइंट टू-टूने कागद चाळणी करणारी मी, पार खजील झाले. झालं असं होतं की अंधारात पिस्तुलाचा आकार दिसत नव्हता, फक्त ठिपके. घाईत मी पुढचा ठिपका मागच्या दोघांच्या मध्ये न आणता डाव्या टोकाला आणून बसवला होता. ओळ सरळच होती गं, क्रम चुकला होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. फोरसाइट, म्हणजे आपली कोल्हापूरची माशी, तीच तेवढी झगमगू दे. बॅकसाइट, म्हणजे मागची खाच, काळी असावी, किंवा फार तर तिचे ठिपके मंद असावेत. पुढच्या ठिपक्याभोवती नारिंगी किंवा पोपटी कडं असलेली मिळते ती घे. ते कडं दिवसा डोळ्यात भरतं आणि रात्री मधली नळी उजळते. नळीचा रंग मात्र हिरवाच. अंधाराला सरावलेला डोळा हिरवा प्रकाश चटकन टिपतो, तांबड्याला तो जवळजवळ आंधळा असतो. बॅकसाइटची खाच जरा रुंद असली तर बरं, म्हणजे माशीच्या दोन्ही बाजूंनी उजेडाची फट दिसते. आणि माझ्यासारखी चाळिशी लागली की ती माशी मुळातच धूसर होते, पण तुला अजून वेळ आहे.

आईला आत्ताच कळवू नकोस, पण त्या नळीत ट्रिटियम असतं. हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊ. काचेच्या इवल्याशा नळीत तो वायू कोंडतात, नळीला आतून फॉस्फरचा लेप असतो आणि वायूतून निघणारे कण त्या लेपाला सतत उजळत ठेवतात. ना सेल, ना चार्जिंग. ते कण इतके दुबळे की काच ओलांडत नाहीत, आपली कातडीसुद्धा नाही. नळी फुटलीच तर खिडक्या उघडायच्या, खोलीबाहेर जायचं, आणि तुकडे कचऱ्याच्या डब्यात न टाकता कंपनीकडे परत पाठवायचे.

यात एक गोम आहे. ट्रिटियमचं अर्धआयुष्य १२.३ वर्षांचं. घड्याळ सुरू होतं ते नळी भरली त्या दिवशी, तू पैसे मोजलेस त्या दिवशी नाही. म्हणून पाकिटावरची तारीख बघ. समीर म्हणत होता ना, पोलिसांनी वापरून विकलेली पिस्तुलं नाइट साइटसकट स्वस्त पडतात? पडणारच, त्यांतल्या बऱ्याच साइट विझत आलेल्या असतात. फायबर ऑप्टिकवाल्याही या खात्यात धरू नकोस. दिवसा लखलखतात, पण त्यांना उजेड बाहेरून लागतो. काळोखात त्या मिट्ट.

बसवण्याचा खटाटोप घरी नको. ग्लॉक १९ पिस्तुलाची साइट आणि ग्लॉक ४३ ची साइट वेगळी, तेव्हा मॉडेल नीट सांग. मागची खाचेत गच्च बसते, ती सरकवायला खास दाबयंत्र असतं. हातोडी घातली की नळी गेली. शंभर डॉलरच्या आगेमागे सेट येतो, तिथे बसवणावळ वाचवू नकोस. बसवल्यावर रेंजवर जाऊन नेम पुन्हा तपासायचा, कारण नवी साइट उंचीला जराशी वेगळी असली तरी गोळी वरखाली लागते. आणि हो, काढलेल्या जुन्या साइट दादाला दाखवायला म्हणून भारतात नेऊ नकोस. आपल्या शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रातच मोजतात, विमानतळावर उत्तरं देत बसशील.

आता खरं बोलायचं ते. नाइट साइट तुला काय दाखवते? तुझंच पिस्तूल. समोर कोण आहे ते नाही. तिन्हीसांजेला, किंवा पडद्यातून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत असेल तेव्हा, समोरचा माणूस अंधुक दिसतो आणि माशी दिसत नाही. तेवढ्याच पट्ट्यात नाइट साइट कामाची. पूर्ण अंधारात आधी टॉर्च लागतो, आणि टॉर्च लागला की माशी उजेडावर काळी उठून दिसते, तुझा हिरवा ठिपका हरवतो. म्हणून पैसे एकाच गोष्टीला असतील तर चांगला टॉर्च घे. हातात धरायचा घे, पिस्तुलाला लावायचा नको. त्यात अंधारातलं माणूस ओळखायलासुद्धा पिस्तूलच रोखावं लागतं.

आईबाबा नोव्हेंबरात येतायत ना? माझ्याकडे आले होते तेव्हा पहिला आठवडा दोघं रात्री तीनला टक्क जागे. आई अंधारात चाचपडत चहा करायला निघायची. इथली बटणं वर केली की लागतात, तिकडे खाली. ती नेमकं उलटं दाबायची आणि पॅसेजमध्ये तशीच उभी राहायची, शाल डोक्यावरून घेऊन. तिला तशी पाहून मीच एकदा दचकले होते.

तर ते पिस्तूल बोटांच्या ठशांनी उघडणाऱ्या पेटीत ठेव, उशाखाली नाही. तुझा ओजस आठ वर्षांचा आहे, आणि टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं पिस्तूल मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहे. शनिवारी मी येतेच आहे. येताना पॅसेजसाठी प्लगमध्ये खोचायचे दोन छोटे दिवे आणते, एक स्वयंपाकघराच्या दाराशी लावू. साइट आपण त्यानंतर बघू.