सीईटीला ९६ पर्सेंटाइल, पहिल्या चाचणीत ९ गुण

प्रश्न : मी लातूरची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सीईटीला ९६ पर्सेंटाइल मिळाले, पुण्यात मेकॅनिकलला आले. पहिल्या चाचणीत गणितात ३० पैकी ९! ड्रॉइंग तर डोक्यावरून जातं. शाखा चुकली का?

उत्तर : शाखेचा निकाल एवढ्यात लावू नकोस. पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय सगळ्या शाखांना सारखेच असतात; मेकॅनिकल तू अजून पाहिलेलंच नाहीस.

गणिताचं दुखणं बहुधा सीईटीच्या सवयीत आहे. तिथे चार पर्याय, चुकीला दंड नाही. पर्यायांवरून उत्तर हेरलं तरी पूर्ण गुण. इथे कोरा कागद आणि गुण पायऱ्यांना. सोडवलेलं उदाहरण वाचून ‘कळलं’ म्हणू नकोस. वही मिटून पहिल्या ओळीपासून लिहून काढ.

ड्रॉइंगमध्ये आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते : वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं. अमेरिकी व्हिडिओंत थर्ड अँगल, म्हणजे नेमकं उलट. दोन्ही मिसळून पाहिलंस तर गोंधळ होणारच. साबणाची वडी कापून आकृतीतला ठोकळा बनव, तीन बाजूंनी बघ, मग पेन्सिल उचल. सीनियरची शीट काचेवर ठेवून, खाली दिवा लावून गिरवायचा, म्हणजे ‘जीटी’ मारायचा मोह होईल (हॉस्टेलची ती जुनीच परंपरा!), पण परीक्षेत काच आणि दिवा मिळत नाही.

इंग्रजीची काळजी कमी कर. संज्ञा इंग्रजीत पाठ असू देत, समजून मराठीत घे. आणि तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन याच आठवड्यात सरांना भेट. गुण नेमके कुठे गेले ते विचार.