बँकॉकला निघालीस तर ऐक

पोरी, ताईला वाटतंय लेक बँकॉकला फिरायला चाललीय. वाटू दे. तुला बँकॉक दिसणार ते गाडीच्या काचेतून, तेही जागी असलीस तर. बिस्किटाची तीस सेकंदांची जाहिरात, दोन दिवसांचं शूट, आणि तू प्रॉडक्शनमध्ये. म्हणजे जो जे विसरेल ते तुझ्या नावावर. मी या लाइनीत केस पांढरे केले, तेवढ्या अधिकारावर बोलतो.

गोरेगावात आपण तोंडी काम चालवतो. फिल्मसिटीत भर दुपारी डायरेक्टरला सुचलं की मागे हातगाडी हवी, तर तू एक फोन लावतेस आणि तासाभरात संतोषनगरातून हातगाडी, तिचा मालक आणि वर भेळेचं सामानसुद्धा येऊन उभं राहतं. बँकॉकमध्ये ही सवय विसर. तिथली माणसं कामाला चोख आहेत, आपल्यापेक्षा शिस्तीची आहेत. पण कागदावर जे आहे तेच सेटवर येतं. कागदावर नसलेल्या गोष्टीचा आधी भाव येतो, मग ती गोष्ट. म्हणून जे जे ठरलंय ते मुंबई सोडायच्या आधी लिहून घे, आणि 'ते बघू तिथं गेल्यावर' असं कुणी म्हणालं की तिथल्या तिथं वही उघड.

कुणीतरी नक्की म्हणेल, 'छोटं युनिट आहे, टुरिस्ट म्हणून जाऊ, पटकन उरकू.' मान डोलावू नकोस. परदेशी शूटला तिथल्या पर्यटन खात्याच्या फिल्म ऑफिसची परवानगी लागते, आणि ती नोंदणी असलेल्या स्थानिक कोऑर्डिनेटरमार्फतच मिळते. स्टोरीबोर्ड आधी द्यावा लागतो. एजन्सीच्या क्रिएटिव्ह मंडळींना हे आजच सांगून ठेव, कारण त्यांना नवीन शेवट विमानात सुचतो.

आता सामान. कॅमेरा, लेन्स, लाइट सगळं तिथं भाड्याने मिळतं आणि उत्तम मिळतं. तरी एखादा कॅमेरामन आपल्याच लेन्सचा हट्ट धरतो. मग एटीए कार्ने काढायचं. सामान तात्पुरतं बाहेर न्यायचं, परत आणायचं आणि मधे कुठं ड्युटी भरायची नाही, यासाठीचं हे पुस्तक. आपल्याकडे फिक्की देते, एक वर्ष चालतं. हिरवं कव्हर, आत पिवळी आणि पांढरी पानं. मुंबई सोडताना पिवळ्यावर शिक्का, बँकॉकला उतरल्यावर पांढऱ्यावर, तिथून निघताना पुन्हा पांढऱ्यावर आणि घरी आल्यावर पिवळ्यावर. यातला तिसरा राहतो. पॅकअपला पहाट झालेली असते, माणसं उभ्या उभ्या झोपत असतात आणि पेट्या एअरलाइनच्या बेल्टवरून आत गेलेल्या असतात. कस्टम्सवाला म्हणतो, सामान दाखवा. दाखवणार काय? तो शिक्का नसला की त्यांच्या लेखी लेन्स अजून थायलंडमध्येच आहेत, आणि महिन्यांनी ड्युटीचा दावा येतो. म्हणून निघताना आधी कस्टम्सचं टेबल, मग चेक-इन. मुंबईत उतरलीस की रेड चॅनल, कितीही लांब रांग असली तरी.

कार्नेच्या यादीत प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लागतो. तो लेन्सच्या डब्यावरून उतरवू नकोस. काचेच्या कडेला किंवा बॅरलवर बारीक अक्षरांत असतो, मोबाइलचा टॉर्च लावून तिथून वाच. भाड्याच्या दुकानांत डबे अदलाबदल होतात. गॅफर टेप, जेल, आपली बिस्किटं यांतलं काही त्या यादीत येत नाही. जे तिथं संपणार ते कार्नेचं नाही. बॅटऱ्या हँडबॅगेतच. १०० वॅट-अवरपर्यंतच्या चालतात, १०० ते १६० च्या एअरलाइनला विचारून माणशी दोन, त्यापुढच्या प्रवाशाला नेताच येत नाहीत. टोकांना टेप लाव. खरं तर बॅटऱ्या नेऊच नकोस, तिथंच घे.

न्यायची खरी गोष्ट म्हणजे पुडे. क्लायंट पैसे देतो ते शेवटच्या दोन-अडीच सेकंदांच्या पॅकशॉटसाठी, हे डायरेक्टर विसरतो, कॅमेरामन विसरतो, तू विसरायचं नाही. पॅकशॉटचे पुडे वेगळे छापून घेतलेले असतात: सुरकुती नाही, एमआरपी नाही, कडेचा सील सरळ. ते दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून हातातल्या बॅगेतून ने आणि बॅग कुणाकडे देऊ नकोस, क्लायंटकडे तर मुळीच नाही. अर्धे पुडे दुसऱ्या माणसाजवळ दे. बिस्किटं पत्र्याच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून. बँकॉकच्या हवेत उघडं बिस्किट पाहता पाहता मऊ पडतं, आणि फूड स्टायलिस्ट शंभरातून एक निवडते, तीही कडेचा रंग बघून. म्हणून भरपूर ने. सेटवर कमी पडलं की कुणीतरी हुशार म्हणेल, 'अरे, समोरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये अशीच मिळतात की.' मिळत असतील. त्या पुड्यावर आपलं हिरवं शाकाहारी चिन्ह नसतं आणि निम्मी अक्षरं थाई असतात. आपल्या प्रेक्षकाच्या नजरेतून ते सुटत नाही.

पॅकशॉट पहिल्या दिवशीच घ्यायला लाव. वाद होईल. डायरेक्टर म्हणेल, आर्टिस्ट फ्रेश असताना आधी अ‍ॅक्टिंग. मग पॅकशॉट दुसऱ्या रात्री ढकलला जातो, सगळे घड्याळ बघत असतात, क्लायंट मॉनिटरसमोर जांभया देत 'चालेल' म्हणतो आणि मुंबईत एडिटवर तोच क्लायंट म्हणतो, चालणार नाही. छोटं दुसरं टेबल, छोटा कॅमेरा, वेगळा माणूस मागून घे आणि पॅकशॉट बाजूला समांतर चालू ठेव. त्याचे पैसे पीपीएममध्येच, म्हणजे शूटआधीच्या मीटिंगमध्येच, मंजूर करून घे.

आपले लोक बँकॉकला एवढे का जातात, ठाऊक आहे ना? मुंबईहून चार-साडेचार तासांचं विमान, परदेशी शूटला सरावलेला क्रू, आणि गाड्या डावीकडून चालतात. हे शेवटचं गाडीच्या जाहिरातीवाल्यांना सोन्यासारखं. प्रागला किंवा तिबिलिसीला रस्ते देखणे आहेत, पण रहदारी उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे. आपली गाडी तिथं उलटी दिसते. केप टाउनलाही डावीकडूनच चालतात आणि डिसेंबरात चौदा तासांहून जास्त उजेड मिळतो. पण तिथं सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे आपल्या सवयीने ठरवलेली सावली नेमकी विरुद्ध पडते, आणि दक्षिण-पूर्वेचा वारा सुटला की छत्र्या, रिफ्लेक्टर सगळं गुंडाळावं लागतं. ते पुन्हा कधी.

बँकॉकमध्ये मुंबई दाखवायची म्हणजे फ्रेममध्ये खूप झाकावं लागतं. गुलाबी टॅक्सी, थाई पाट्या, नंबरप्लेट, हे सगळ्यांच्या लक्षात येतं. फूटपाथची कड कुणी बघत नाही. तिथं ती लाल-पांढरी किंवा पिवळी-पांढरी रंगवलेली असते, आपल्याकडे काळी-पांढरी, काळी-पिवळी. रेकीला गेलीस की खाली बघत चाल आणि आर्टवाल्यांना कडेची लांबी मोजून दे. साडी, बांगड्या, टिकल्या कमी पडल्या तर पाहुरत म्हणून भाग आहे, पंजाबी दुकानदारांचा. तिथं मिळून जाईल. गर्दीतले भारतीय चेहरेही कोऑर्डिनेटर शहरातल्या भारतीयांतूनच उभे करतो. आणि शूट लुंफिनी बागेत असेल तर घोरपडी फ्रेममध्ये येतील, चांगल्या पुरुषभर लांबीच्या. कुणाला किंचाळू देऊ नकोस, त्या आपल्या वाटेने जातात.

तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. बारीक वाटतं, पण सकाळी सहाचा कॉल म्हणजे मुंबईत साडेचार. ऑफिसात बसून लाइव्ह फीड बघणाऱ्या मोठ्या साहेबांना पहिल्या शॉटची मंजुरी द्यायची असेल, तर ते उठणार की नाही ते आदल्या रात्री विचार. नाही उठणार असतील तर सेटवर मंजुरी कुणाची, ते नाव कॉलशीटवर घाल. दिवस डिसेंबरात सव्वाअकरा तासांचा, जूनमध्ये तेराच्या जवळ, आणि संधिप्रकाश झटक्यात संपतो. तो संध्याकाळचा 'जादूचा उजेड' स्टोरीबोर्डात चार शॉटवर लिहिलेला असेल तर तीन शॉट आत्ताच खोडून घे. मे ते ऑक्टोबर पावसाचे. पाऊस पडला आणि शूट थांबलं तर त्या दिवसाचे किती पैसे कुणी द्यायचे, ते आधी लिहिलेलं असू दे. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, तेव्हा तारीखच धरू नकोस.

ओव्हरटाइम कुठून मोजतात ते विचार. काही जण हॉटेल सोडल्यापासून मोजतात, काही लोकेशनवर पोचल्यापासून. बँकॉकच्या ट्रॅफिकमध्ये या दोहोंत एक अख्खा शॉट बसतो. पॅकअपनंतर दुसऱ्या दिवशीच्या कॉलपर्यंत किती तास विश्रांती, तेही. आपल्या स्पॉटदादांना 'अजून दोनच शॉट' म्हटलं की ते मनावर घेतात, तिथला क्रू घड्याळावर बोट ठेवतो. मला विचारशील तर त्यांचंच बरोबर आहे. मॉडेलच्या करारात देश, माध्यम आणि मुदत या तीन गोष्टी वाच. 'भारत, टीव्ही, एक वर्ष' असं लिहिलेलं असतं आणि क्लायंट सहा महिन्यांनी तीच जाहिरात मोबाइलवर आणि दुबईत चालवतो. मागच्या रांगेतल्या माणसाचीसुद्धा सही घे.

वागणं. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला बागेत, स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, लोक जागेवर थांबतात. तूही थांब, आणि आठच्या ठोक्याला शॉट ठेवू नकोस. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. आपला डायरेक्टर लहान मुलाला शाबासकी देताना नेमकं तेच करतो, त्याला आधी कानात सांग. पाय कुणाच्या दिशेने करून बसू नकोस. बुद्धाची मूर्ती मागे आणि पुढे बिस्किट, असली फ्रेम मनातसुद्धा आणू नये. राजाच्या तसबिरीचंही तेच. भिक्खूंना स्त्रीने स्पर्श करायचा नसतो. आपण पहिल्या शॉटआधी नारळ फोडतो, तर लोकेशनवर त्यांचं छोटं देवघर खांबावर असतं, तिथं तिथली मंडळी उदबत्ती लावतात आणि लाल फँटाची बाटली ठेवतात, स्ट्रॉ घालून. आपला नारळ तिथंच विचारून फोड. क्रू दिवसभर तुला हसून बघेल.

जेवण मी शेवटी सांगतोय, पण युनिट पोटावरच चालतं. तिथल्या 'व्हेजिटेबल' डिशमध्ये माशाचं पाणी असतं, आणि ते सांगूनही येतं. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं, त्याला 'जे' म्हणतात, तिथं खा. त्यात मांस, मासे, अंडी नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही. जैन क्लायंट असेल तर तुझं अर्धं काम झालं. बटाटा मात्र असू शकतो, तो वेगळा विचार. महाराज घेऊन जाण्यात अर्थ नाही, व्हिसाचा खर्च आणि त्याला किचन मिळत नाही. भाजणीचं पीठ, लोणचं आणि चहाची पत्ती ने. चहाची जास्त ने.

रोजचं फुटेज दोन ड्राइव्हवर, तपासून, मग कार्ड पुसायला दे. परतताना दोन ड्राइव्ह दोन माणसांकडे, शक्यतो दोन विमानांनी.

आणि बिलं रोज रात्री लिही, झोप आली तरी. कागदावरची शाई महिन्याभरात उडते, म्हणून फोटो काढ आणि पाठीमागे मराठीत लिही कशाचं आहे ते. मुंबईला अकाउंट्सवाला फोन करून ओरडेल, की २५६९ सालचं बिल कुठून आणलं. त्याला सांग, तिथं बुद्धाचं साल चालतं, ५४३ वजा कर.